मास्टर दीडवर आणला की टोन मरतो: कौलारू घरातला ट्यूब अ‍ॅम्प

दुखणं थोडक्यात सांगतो. गिटारचा १५ वॅटचा ट्यूब कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि १२ इंची स्पीकर एकाच पेटीत, शेवटच्या पॉवरच्या टप्प्याला दोन ईएल८४ ट्यूबा. मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचं बटण, सातवर असला की साधी कॉर्ड मारली तरी अंगावर काटा येतो. स्वर आधी किंचित दबतो, मग फुलतो, आणि हात हलका केला की आपोआप स्वच्छ होतो. तोच मास्टर दीडवर आणला की डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज. गेन, म्हणजे सुरुवातीलाच सिग्नल फुगवणारं बटण, वाढवला तर माशी मोठी होते, एवढंच.

आणि मास्टर दीडवर आणावाच लागतो. आमचं घर मालवणजवळच्या एका वाडीत, चिऱ्याचं, कौलारू. अशा घरात आतल्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत, माजघरात कोणी शिंकलं तर पडवीतला माणूस 'शतायुषी हो' म्हणतो. साउंडप्रूफिंगच्या नावाने बोंब. शेजारचे आबा एकदा गडग्यापाशी थांबून म्हणाले, "झिला, ती तुझी गिटार वाजता काय रडता? मोठ्यान वाजयतंस तेवा बरी लागता." राग कसला यायचा, निदान अचूक होतं. पण आबांना चालत असलं तरी त्यांच्या पलीकडच्या घरात दहावीचं पोर आहे. शिवाय निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि माझा अ‍ॅम्प नुसता हुंकारला तरी ती ओलांडतो.

आधी खरा बिघाड नाही ना, ते बघा

तीन पावसाळे मी एकच चूक केली. जुलै लागला की टोन आणखी पातळ व्हायचा आणि मी समजायचो की कमी आवाजाला हे असंच असणार. नवी ट्यूब घाल, अ‍ॅम्पची जागा बदल, एक पेडल विक, दुसरं घे. दिवाळीच्या सुमाराला आपोआप बरं वाटायचं आणि श्रेय शेवटच्या खरेदीला जायचं.

कुडाळच्या बाजारात पूर्वी रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. अ‍ॅम्प त्यांच्या टेबलावर ठेवला, तर मागची जाळी काढून आधी ट्यूबांकडेच बघत बसले. "ही तर आमच्या रेडिओतली," म्हणाले. खरंच आहे ते. फिलिप्सने १९५३ च्या सुमारास आणलेली ही ईएल८४ घराघरातल्या रेडिओंमध्ये असायची, गिटारवाल्यांनी ती नंतर उचलली. मग काकांनी माझ्याच पिशवीतली वीतभर लांबीची पॅच केबल घेतली आणि एफेक्ट्स लूपच्या, म्हणजे अ‍ॅम्पच्या मधल्या टप्प्यात पेडल जोडायला ठेवलेल्या दोन जॅकच्या, सेंडमधून रिटर्नमध्ये जोडली. आवाज एकदम उघडला. कपाटाचं दार उघडून आतला माणूस बाहेर आल्यासारखा.

कारण असं. लूपमध्ये काहीच जोडलेलं नसतं तेव्हा सिग्नल रिटर्न जॅकच्या आतल्या एका बारीक पत्तीवरून पुढे जातो. खाऱ्या दमट हवेत त्या पत्तीवर थर धरतो, कल्हई उडालेल्या पितळेवर कळंक चढतो तसला. सिग्नल दांडगा असला तर तो थर भेदून जातो, बारीक असला तर अडखळतो, पातळ होतो, कधी मध्येच तुटतो. माझ्या अ‍ॅम्पमध्ये मास्टर लूपच्या आधी आहे. म्हणजे मास्टर खाली आणला की पत्तीपर्यंत पोचणारा सिग्नलही बारीक. बिघाड फक्त हळू वाजवताना दिसणार, आणि खात्री करायला आवाज वाढवला की पळून जाणार. इतका लबाड बिघाड मी दुसरा पाहिलेला नाही.

उपाय सोपा. अ‍ॅम्प बंद करायचा, भिंतीतला प्लग काढायचा. गिटार केबलच्या टोकावर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून ते टोक प्रत्येक जॅकमध्ये दहा-बारा वेळा आतबाहेर करायचं. लूपचे दोन, इनपुट, आणि स्पीकरचा जॅक विसरू नका, त्याचं महत्त्व पुढे येतं. अडकलेले भाग मोकळे करायचं तेल इथे वापरू नका, त्याचा चिकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. बटणं खरखरत असतील तर तीही साफ करायला हवीत, पण त्यासाठी चेसिस उघडावी लागते आणि ते काम जाणकाराकडेच द्या. आतल्या कपॅसिटरमध्ये अ‍ॅम्प बंद केल्यावरही तीनशे व्होल्टच्या वर साठा राहू शकतो.

पॅच केबल लावून फरक पडला नाही, तर दुखणं खरोखर आवाजाच्या पातळीचं आहे. पुढे चला.

तुमचा टोन नेमका कुठे शिजतो?

'क्रँक्ड टोन' म्हणून आपण ज्याला एकच नाव देतो त्यात पाच जणांचा हात असतो: प्रीअ‍ॅम्पच्या (पहिल्या टप्प्याच्या) १२एएक्स७ ट्यूबा, फेज इन्व्हर्टर (दोन पॉवर ट्यूबना उलटसुलट सिग्नल वाटून देणारा), पॉवर ट्यूब आणि त्यांचा वीजपुरवठा, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, आणि शेवटी स्पीकरचा कागद. मास्टर खाली केला की पहिला सोडून बाकी चौघे झोपतात. माशी येते ती इथून. प्रीअ‍ॅम्पचा कर्कश कडा पुढच्या मंडळींनी गोल करायचा असतो, ते कामावरच नाहीत.

सगळेच अ‍ॅम्प आणि सगळ्यांचे कान सारखे नसतात, म्हणून एकदा दहा मिनिटं जोरात वाजवून बघायलाच हवं. मी नारळी पौर्णिमेची संध्याकाळ पकडली, सगळी वाडी बंदरावर गेली होती. तीन प्रकारे वाजवलं. गेन दोनवर, मास्टर दहावर. मग गेन आठवर, मास्टर दीडवर. मग गेन साडेचार, मास्टर सात. दुसऱ्या प्रकारातच तुम्हाला हवा तो आवाज मिळत असेल तर तुमची सुटका आहे, नुसत्या टोनच्या बटणांवर काम भागेल. पहिला आवडला तर पॉवर ट्यूब तापवल्याशिवाय इलाज नाही. माझा तिसरा निघाला: प्रीअ‍ॅम्प जेमतेम कुरकुरतोय आणि खरी मजा फेज इन्व्हर्टर आणि ईएल८४ यांच्या घुसमटीत आहे. हे कळल्यावर पेडलवर पैसे घालणं बंद केलं.

किती उतरवायचं त्याचा हिशोब

कमी वॅटचा अ‍ॅम्प घे, असं जो तो सांगतो. आकडे बघू. माझ्या स्पीकरची संवेदनशीलता ९७ डेसिबल आहे, म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ९७ डेसिबल. १५ वॅटला ते साधारण १०९ होतात. मला खोलीत हवेत ७५, टीव्ही जरा मोठ्याने लावल्यावर असतो तितके. १०९ मधून ७५ गेले, ३४ डेसिबल उतरवायचे. ७५ डेसिबलसाठी त्या स्पीकरला लागते फक्त सहा मिलिवॅटच्या आसपास शक्ती. वॅट नव्हे, मिलिवॅट.

म्हणून एक वॅटचा अ‍ॅम्पसुद्धा पूर्ण उघडला तर घर डोक्यावर घेतो. वॅट निम्मे केले की फक्त ३ डेसिबल कमी होतात, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला सुमारे १० लागतात. १०० वॅटच्या अ‍ॅम्पमधल्या दोन पॉवर ट्यूब काढून ५० चा करणारे बहाद्दर आहेत, त्यांनी ३ डेसिबल कमावले आणि इंपीडन्सचं, म्हणजे अ‍ॅम्पला दिसणाऱ्या ओहमचं, गणित बिघडवलं. पहिल्या १२एएक्स७ च्या जागी कमी गेनची १२एटी७ घालण्याचंही तेच. मास्टरचं बटण जरा सुधारल्यासारखं वाटतं, कारण ते आता एकदम उडी मारत नाही, पण जी घुसमट हवी तीच कमी होते.

३४ डेसिबल एकाच उपायाच्या डोक्यावर टाकले की तो उपाय टोन खातो. कुठल्याही एका वस्तूची जाहिरात वाचताना हे ध्यानात ठेवा. मी काम वाटून दिलं.

फुकटचे उपाय

ब्राइट स्विच असेल तर बंद करा. व्हॉल्यूमच्या बटणावर एक छोटा कपॅसिटर असतो, तो बटण खाली असताना तीव्र स्वर जास्त पुढे सोडतो. जोरात वाजवताना त्याचा परिणाम जवळपास नाहीसा होतो. म्हणजे हळू वाजवताना माशीला खाऊ घालणारा हाच.

अ‍ॅम्प जमिनीवर ठेवून आपण उभं राहून वाजवतो, आणि स्पीकर आपल्या पोटऱ्यांना गाणं ऐकवतो. आजीच्या पाटावर एक बाजू टेकवून मी तो तोंडाच्या दिशेने तिरका केला. स्पीकरचं तेज नाकासमोर सरळ जातं, बाजूला मावळतं, त्यामुळे तिरका केला की कमी आवाजातही नीट ऐकू येतं. आणि जमिनीपासून उचलल्यावर मांडणीवरचा पितळी डबा थरथरायचा थांबला. जाड तारेचा मोकळा ई ८२ हर्ट्झचा, आणि तो नेमका त्या डब्याला आणि चार कौलांना लागू पडतो.

पावसाचंही सांगून टाकतो. आषाढात पडवीच्या पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की मास्टर सातवर नेला तरी गडग्यापलीकडे कोणाला कळत नाही. निसर्गाने दिलेली ही सोय मी पुरेपूर वापरतो. फक्त अशा वेळी वीज अर्ध्या तासात जाते.

डबा

खरा फरक पडला तो अ‍ॅटेन्युएटरने. अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्या मध्ये बसणारा हा डबा जास्तीची शक्ती उष्णता करून जाळतो. ट्यूबा पूर्ण घाम गाळतात, स्पीकरकडे थोडंच पोचतं. १९८० च्या सुमारास बॉस्टन या रॉक बँडच्या टॉम शोल्झने पॉवर सोक नावाने असा डबा बाजारात आणला, तेव्हापासून असंख्य निघाले. चांगले तयार डबे महाग आहेत, म्हणून पहिला मी स्वतः केला, आणि कल्पना समजून घ्यायला तो पुरेसा आहे.

८ ओहमच्या स्पीकरसाठी ६ डेसिबल उतरवायचे असतील तर ४ ओहमचा रेझिस्टर वाटेत आणि ८ ओहमचा स्पीकरला समांतर. स्पीकर आणि ८ मिळून ४ होतात, त्यात वाटेतले ४ मिळवा, अ‍ॅम्पला पुन्हा ८ च दिसतात. बाजारात ३.९ आणि ८.२ सहज मिळतात, तेवढा फरक चालतो. मुंबईहून सुट्टीला येणाऱ्या चुलत भावाला लॅमिंग्टन रोडला पाठवून सोनेरी अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाचे रेझिस्टर मागवले, साधे सिमेंटवाले नकोत. प्रत्येक डबा अ‍ॅम्पला ८ च दाखवतो, म्हणून असे तीन एकामागे एक जोडले की १८ डेसिबल होतात.

पहिल्या डब्यात निम्मी शक्ती वाटेतल्या रेझिस्टरमध्येच जळते. १५ वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण उघडल्यावर २५ पर्यंत सहज जातो, म्हणजे तिथे साडेबारा वॅट. मी ५० वॅटचा घेतला, धातूच्या पेटीला स्क्रूने आवळला, आणि तरी तासाभराने पेटीवर हात ठेवून पाच आकडे मोजता येत नाहीत. गादीवर, गोधडीवर, प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवू नका.

आता स्पीकर जॅकबद्दल. ट्यूब अ‍ॅम्पला स्पीकर किंवा त्याच्या जागी भार जोडलेला नसताना वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज बेसुमार चढतं आणि आत ठिणगी पडून तो जातो. तो गेला तर अ‍ॅम्पच्या किमतीचा मोठा तुकडा गेला. आमच्याकडे ज्या जॅकवर दरवर्षी कळंक चढतो त्याच प्रकारच्या जॅकमधून हा भार जातो. म्हणून डबा जोडताना आणि काढताना अ‍ॅम्प बंद, तार स्पीकरची जाड, गिटारची केबल तिथे कधीही नाही. तुटक आवाज किंवा खरखर आली तर वाजवणं थांबवून आधी जॅक बघा. सोल्डरिंगवर स्वतःचाच भरवसा नसेल तर तयार डबा घ्या आणि त्याची वॅट-क्षमता अ‍ॅम्पच्या दुप्पट तरी असू द्या.

घरच्या डब्याची मर्यादाही सांगतो. स्पीकर कागदावर ८ ओहमचा, पण त्याचा इंपीडन्स खालच्या एका स्वराजवळ आणि वरच्या पट्टीत खूप चढतो, आणि ट्यूब अ‍ॅम्प त्या चढउतारावर स्वार होऊन बोलतो. नुसत्या रेझिस्टरला चढउतार माहीत नाही. त्यामुळे पहिल्या ६ डेसिबलला फारसं काही कळत नाही, १२ ला छातीतला ठोका कमी होतो, १८ ला वरचं तेजही जरा मळतं. रिअ‍ॅक्टिव्ह लोडच्या डब्यांमध्ये कॉइल आणि कपॅसिटर घालून स्पीकरची ही सवय नक्कल केलेली असते. पैसे असतील तर तोच घ्या. त्यातले काही थेट हेडफोनला जोडता येतात, स्पीकर-कॅबिनेटचा इंपल्स रिस्पॉन्स (त्याच्या आवाजाचा डिजिटल ठसा) लावून. रात्री अकरानंतर मीही मित्राचा असा डबा आणून हेडफोनवर वाजवतो. टोन उत्तम, पण मांडीवर गिटार असून हवा हलत नाही, हे मला अजून पचलेलं नाही.

उरलेली वाटणी अशी. १८ डेसिबल डब्यांचे. घरासाठी ९२ संवेदनशीलतेचा वेगळा स्पीकर, त्याचे ५. बाकीचे ११ मास्टरवर. मास्टर तेवढा खाली आला तरी दीडच्या दलदलीत जात नाही, फेज इन्व्हर्टर जागा राहतो. तुमच्याकडे मास्टर नसलेला जुन्या धाटणीचा अ‍ॅम्प असेल तर हा शेवटचा वाटा गिटारच्या व्हॉल्यूमवर द्या. लूपमध्ये व्हॉल्यूम पेडल लावणं स्वस्त आणि बटणापेक्षा हळुवार, पण ते फक्त प्रीअ‍ॅम्पचा आवाज उतरवतं. ज्यांना वरच्या चाचणीत दुसरा प्रकार आवडला त्यांनी तेवढंच करावं.

पेटाऱ्याचा प्रयोग करू नका. स्पीकर आजोबांच्या पेटाऱ्यात घालून वर गोधड्या टाकल्या, माईक आत सोडला. आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि आईची तांब्याची घंगाळं बाहेर काढायला लागली ते वेगळंच.

वीज

ज्या दिवशी सगळं बरोबर जोडूनही टोन लोण्यासारखा मऊ आणि मरगळलेला वाटेल त्या दिवशी मल्टिमीटर सॉकेटमध्ये घाला. संध्याकाळी आमच्याकडे २३० च्या जागी १९० दिसतात. जुने गिटारवाले व्हॅरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) मुद्दाम व्होल्टेज उतरवायचे, आम्हाला ते घरपोच मिळतं. गंमत बाजूला, १९० ला ट्यूबच्या ६.३ व्होल्टच्या हीटरला सव्वापाचच मिळतात, आणि असं रोज चालणं ट्यूबच्या तब्येतीला बरं नाही. साधा स्टॅबिलायझर लावा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर ट्यूब अ‍ॅम्प लावलात तर भुंगा ऐकू येईल आणि ट्रान्सफॉर्मर तापेल, साइन वेव्हचा हवा. अ‍ॅटेन्युएटरचा डबा लावला की ट्यूबा लवकर झिजतात, त्या रोज पूर्ण ताकदीने राबतायत. एक जोडी घरात असू द्या, सिलिका जेलच्या पुडीसकट हवाबंद डब्यात.

जे राहतं ते

एवढं करूनही सातवरचा तो काटा पूर्ण येत नाही. स्पीकरचा कागद ७५ डेसिबलला ताणला जात नाही. आणि कान. बेल लॅब्सच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज कमी झाला की खालचे आणि वरचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा जास्त वेगाने कानाआड होतात. तोच टोन, तीच घुसमट, पण हळू ऐकताना मध्येच सगळा जीव. म्हणून घरी मी बेस चारवरून साडेसहावर नेतो, मिडल एक घर खाली, ट्रेबल अर्धा वर. पितळी डबा पुन्हा थरथरला तर बेस सहावर.

आणि गणपतीत ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायला जाताना हे सगळं उलटं करायचं असतं. गेल्या वर्षी विसरलो. डबे घरी ठेवले, मास्टर सहावर, बेस मात्र घरचाच साडेसहावर. पहिल्या कॉर्डला मंडपाचा पत्रा घुमला आणि ढोलकीवाल्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आता अ‍ॅम्पच्या मागच्या जाळीवर दोन चिकटपट्ट्या आहेत, 'घर' आणि 'मंडप', प्रत्येकीवर बटणांचे आकडे. तिसरी पट्टी रिटर्न जॅकच्या वर: 'जुलै, पॅच केबल'.